ढिगाभोवतीचा वर्ग

आमच्या शाळेत सहा टॅब आले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर बाजारात माणूस पाठवून नवं कुलूप आणलं. जुन्या कुलपाची चावी खाऱ्या हवेनं फिरेनाशी झाली होती. टॅब प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गेले, पिशव्या कपाटात गेल्या आणि चावी सरांच्या शर्टाच्या खिशात गेली. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस. आपल्या हातून सरकारी वस्तू फुटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. वस्तू न फुटण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती न वापरणं.

टॅब वर्षातून एकदा बाहेर निघत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असे. त्या दिवशी मुलांच्या पाट्यांशेजारी टेबलावर सहाही टॅब ओळीनं मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची आणि वरून हळदकुंकू. आपल्याकडे कोयत्यापासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्याची पूजा होते, त्यात गैर काही नाही. पण वस्तीतले लोक होडीची पूजा करून ती पाण्यात ढकलतात. आम्ही टॅबची पूजा करून ते परत कपाटात ढकलायचो. मीही ढकललेत. दोन वर्षं हळदकुंकवाचं ताट माझ्याच हातात होतं.

शाळा काशीदच्या थोडी पुढे, समुद्रालगतच्या मच्छीमार वस्तीत. मी तिथून दोन गावं अलीकडची, नारळी-पोफळीच्या वाडीतली. आमच्या घरात सुपाऱ्यांपेक्षा शिक्षक जास्त पिकतात, अशी गावात चेष्टा असते. त्यामुळे शिकवणं आपल्याला जन्मतःच येतं असा माझा समज होता. तो उतरवला सहावीतल्या एका मुलीनं.

ही मुलगी गोष्ट एकदा ऐकली की आठवड्यानंतरही जशीच्या तशी सांगायची, वर त्यातल्या राजाचं कुठं चुकलं तेही सांगायची. पण पुस्तक पुढ्यात ठेवलं की संपलं. आज वाचलेला शब्द उद्या पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत राहायची. मी तिला पाचवीपासून आळशी म्हणत होते. एकदा तर एकच शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. तिनं तो पन्नास वेळा लिहिला आणि पन्नास तऱ्हांनी चुकवला. वही बघून माझं डोकं फिरलं आणि सगळ्या वर्गासमोर मी तिला नको ते बोलले. ती रडली नाही. वही उचलून जागेवर जाऊन बसली. त्या दिवसाचा राग आता मला स्वतःचाच येतो.

डोळे उघडले ते तालुक्याहून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं. त्या पंधरवड्यातून एकदा यायच्या. त्यांच्या गळ्यात इतक्या शाळा मारलेल्या होत्या की पाणी प्यायलाही त्यांना सवड नसे. त्या दिवशी मात्र त्या तासभर या मुलीजवळ बसल्या. मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाल्या, "बुद्धी चांगली आहे, डोळे-कान चांगले आहेत. छापलेलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ तिच्या डोक्यात बसत नाही. ती बसवायचे प्रयत्न चालू ठेवू. पण तोवर तिचा इतिहास-भूगोल का अडवून ठेवता? पुस्तक ऐकवा तिला. तुमच्याकडे टॅब आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं, आणि मान खाली घातली.

त्याच आठवड्यात मुलीची आई शाळेत आली. ती सुकी मासळी घेऊन माणगाव, तळा असे बाजार करायची. नवरा बोटीवर असायचा, घरचा कारभार हिच्या हाती. टोपली पायरीवर ठेवून ती सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, पोरगी सहावीला आली, तरी तिला यष्टीची पाटी वाचता येत न्हाय. परवा मुरूडची म्हणून अलिबागच्या गाडीत जाऊन बसली. मग शालंत बसून काय करायचं? माझ्यासंगं आली तर बाजार तरी शिकंल."

मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. सातवी होऊ द्या."

"आन् सातवी झाल्यावर?"

"तोवर तिला पुस्तकातलं सगळं येत असेल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्याच्या टोपलीतल्या बोंबलांचा वास घेत असावी. "बरं," ती म्हणाली. "सातवीपर्यंत तुमची. येत असंल तर हायस्कूलला घालीन. न्हायतर ती माझी." आणि टोपली उचलून गेली. आमची शाळा सातवीपर्यंतच. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दीड वर्ष होतं.

मी तशीच सरांकडे गेले.

"सर, टॅब हवेत."

"कशाला?"

"शिकवायला."

सरांनी चष्मा काढला. "फुटला तर?"

"फुटला तर फुटला. आत्ता तो न फुटताच वाया चाललाय." माझा आवाज चढला होता. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं की टॅबला काही झालं तर जबाबदारी माझी. सरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मगच चावी काढली.

टॅब बाहेर आले, पण एकही चालू होईना. चार्जिंगला लावावेत तर पिन आत जाईना. पुढल्या भेटीत विशेष शिक्षिकेनं मोबाईलच्या उजेडात भोकं तपासली आणि त्यांना हसू आवरेना. प्रत्येक भोकात हळदकुंकू जाऊन बसलं होतं. दोन पावसाळ्यांच्या दमट हवेत त्याचा लाल दगड झाला होता. आम्ही सुईनं कोरून काढलं. आतल्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या. सहापैकी पाच टॅब कायमचे गेले. सहावा रांगेच्या टोकाला होता, त्याच्या भोकावर बहुतेक झेंडूचं फूल आलं असावं, आत थोडंच कुंकू गेलं होतं, तो वाचला. सरांनी एकेक टॅब उलटून बघितला. मग हळूच म्हणाले, "पूजा तर मनापासून केली होती हो."

ताट माझ्याच हातात होतं.

एक तर एक. रेंज यायची ती फक्त शाळेमागच्या सुरूच्या झाडांखाली. तिथं उभं राहून मी सगळी पुस्तकं टॅबमध्ये उतरवून घेतली आणि मजकूर वाचून दाखवणारा आवाज चालू केला. आवाज एका बाईचा होता, सर्दी झालेली असून रजा न मिळालेल्या बाईचा. पण ती शब्दन् शब्द वाचायची आणि कितीदाही सांगा, कंटाळायची नाही. हा गुण माझ्यात नव्हता. मी स्वतः अलिबागहून हेडफोन आणले, खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक बाक ओढलं आणि मुलीला तिथं बसवलं. वर्गात गडबड असते, तिला निवांत ऐकता येईल, असा माझा हिशेब. पहिल्या आठवड्यात तिनं इतिहासाचे दोन धडे तोंडी सांगितले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग ती गप्प व्हायला लागली. पूर्वी वाचता येत नसलं तरी तिचं तोंड दिवसभर चालू असे. आता वर्ग हसला की ती हेडफोन काढून बघायची, तोवर हसणं संपलेलं असायचं. मुलांनी तिचं नाव 'कस्टमर केअर' ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिकडं मी न्हाय बसणार," ती म्हणाली.

"अगं, तुझ्याचसाठी आहे ते."

"म्हणूनच नको."

मी ओरडले. आपण एवढं करतोय आणि ही पोर नखरे करते, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. तिची आई दिलेल्या मुदतीची वाट बघणारी बाई नव्हती.

शाळा सुटल्यावर मी वस्तीत गेले. किनाऱ्यावर ताडपत्री पसरून मध्ये मासळीचा मोठा ढीग ओतला होता, लहान मासळी, बारीक कोलंबीसारखी करंदी, मांदेली, कोलंबी, खेकड्यांची पिल्लं, सगळी सरमिसळ. भोवती आठ-दहा बायका उकिडव्या बसून निवडत होत्या. ही मुलगी आईच्या शेजारी होती. मी काही बोलायच्या आधीच आई म्हणाली, "बाई, बसा. बोलायचं तर हात चालवत बोला. ऊन्ह गेलं की वाळायचं न्हाय."

माझ्या माहेरी मासळी उंबऱ्याच्या आत आली नाही कधी. पण उभी राहिले असते तर ते बोलणं तिथंच संपलं असतं. मी साडीचा पदर खोचला आणि बसले. ढिगात हात घातला आणि मला काही म्हणजे काही कळेना. सगळं सारखंच दिसत होतं, चंदेरी आणि ओलं. मी एक उचलायचे, दोन्हीकडे बघायचे, चुकीच्या टोपलीत टाकायचे. बायका हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण माझे कान तापले. मग ती मुलगी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, तुमी नुस्ती कोलंबी काढा. ती मोठी आसते, दिसते. बाकीची आमी बघतो."

मी कोलंबी काढायला लागले. ते जमलं. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझ्या समोर बसलेली म्हातारी ढिगाकडे बघतच नाहीये. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती करंदी बोटांनी चाचपून काढत होती आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं. खेकडा हाताला लागला की शेजारणीकडे सरकवायची, शेजारीण न बोलता उचलायची. तिला कुणी बाजूला बसवलं नव्हतं. तिच्यासाठी वेगळा, सोपा, लहान ढीग केला नव्हता. ढीग एकच, आणि ज्याला जे जमेल ते त्यानं त्यातून काढायचं. गप्पा सगळ्यांत मिळून.

मला एकदम रडू आलं, ते मी खाऱ्या वाऱ्यावर ढकललं. मी त्या पोरीला ढिगावरून उठवलं होतं. कानांत आवाज घातला आणि शेजार काढून घेतला. तिला अडचण होती ती वाचनाची. एकटं बसायची शिक्षा मी वरून दिली होती.

"उद्या शाळेत ये," मी तिला म्हटलं. "कोपरा गेला."

"खरं?"

"खरं."

तिनं आईकडे पाहिलं. आई मासळीवरून नजर न उचलता म्हणाली, "जा. पण बाई, सातवी ती सातवी. मी इसरलेली न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन कपाटात टाकले. हो, कपाटाचा असाही उपयोग होतो. समाजमंदिरातून भजनाचा छोटा स्पीकर मागून आणला, सगळी बाकं भिंतीला लावली आणि वर्ग जमिनीवर गोल बसवला, मध्ये टॅब. धडा टॅब वाचणार, एका वेळी एक परिच्छेद. ज्यांना भराभर वाचता येतं त्यांनी पुस्तकातून बोट फिरवायचं. ज्याला चित्र काढता येतं त्यानं फळ्यावर नकाशा काढायचा. कुणाला कळलं नाही तर हात वर, आवाज थांबणार. थांबवायचं बटण या मुलीकडे, कारण कुठं थांबायला हवं हे तिला माझ्याहून चांगलं कळायचं. ती थांबवायची आणि विचारायची, "आता सांगा, ह्यात भांडण कशावरून झालं?"

पहिले आठ दिवस नुसता गोंधळ. मुलं त्या सर्दीवाल्या बाईची नक्कल करायची. वीज गेली की टॅब दुपारपर्यंत मान टाकायचा, मग मी वाचायचे. सर दारात येऊन उभे राहिले. "हा वर्ग आहे की भजनी मंडळ?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आत येऊन बसा, नाहीतर दार सोडा, उजेड अडतोय." आपल्या मुख्याध्यापकांशी असं बोलू नये. पण मी बोलले आणि सर आत येऊन बसले, हेही खरं. त्यांनी पूर्ण धडा ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता आपल्या घरची, बोटीवर वापरतात तसली बॅटरी आणून दिली, वीज गेली तरी टॅब चालावा म्हणून. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडणं बरंच कमी केलं.

मला वाटलं होतं, हे सगळं एका मुलीसाठी आहे. पण डोंगराच्या अंगाला राहणारी कातकरी वाडीवरची दोन मुलं होती, शाळेतली मराठी त्यांना अर्धी कळायची. ती धडा दोनदा ऐकायला मागू लागली. वर्गात पहिला येणारा मुलगा घडाघडा वाचायचा, पण पुस्तक मिटून काय ऐकलं ते सांग म्हटलं की गडबडायचा; त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणाची मदत घ्यावी लागली, आणि ती त्यानं याच मुलीची घेतली. 'कस्टमर केअर' हे नाव कधी गेलं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

तिला वाचता यायला लागलं का? थोडं. रोज दहा मिनिटं आम्ही दोघी वाळूच्या ताटात बोटानं अक्षरं गिरवायचो. सातवी संपेपर्यंत ती यष्टीच्या पाट्या वाचू लागली, आपलं नाव लिहू लागली, लहान वाक्य अडखळत का होईना काढू लागली. पुस्तकाचं पान अजूनही तिला जड जायचं, आणि जड जात राहील असं विशेष शिक्षिकेनं स्पष्ट सांगितलं होतं. पण सातवीची तोंडी परीक्षा तिनं अशी दिली, की परीक्षा घ्यायला शेजारच्या शाळेतून आलेल्या बाईंनी वेळ संपल्यावरही प्रश्न विचारणं थांबवलं नाही.

जूनमध्ये हायस्कूलच्या प्रवेशाच्या दिवशी मीही गेले. आईनं वाटेतच सांगून ठेवलं होतं, "तुमी शब्द पाळलात, मी पण आले. पण तिथं पोरीला परत कोपऱ्यात घातली, तर मी माघारी नेणार. तिला शालंत मान खाली घालून बसायला मी पाठवणार न्हाय." मी फाईल तयार केली होती. विशेष शिक्षिकेचा अहवाल, माझं पत्र, सरांचं पत्र. काय बोलायचं ते तोंडपाठ करून ठेवलं होतं.

हायस्कूलचे सर टेबलाशी बसले होते, मागे पालकांची रांग. त्यांनी पहिला कागद चाळला. "ठीक आहे मॅडम," ते म्हणाले. "पण आमच्याकडे वर्गात टॅब-मोबाईल बंद. एकाला सवलत दिली की सगळे मागतात. तिला मागे वेगळं बसवू, जमेल तेवढं बघू."

आईनं पिशवी उचलली. "चल," ती मुलीला म्हणाली.

मी फाईल उघडायला गेले, तोवर मुलगी टेबलाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सर, मला पान वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "वाचलेलं ऐकलं की येतं. तुमी आत्ता कुठलाबी आठवीचा धडा वाचा. मी सांगते. न्हाय आला तर मी आयेसंगं जाते. आला तर मी सगळ्यांमदी बसणार, आन् टॅब सगळ्यांसाठी मोठ्यानं लावायचा. मग सवलत कुणा एकाची न्हाय ऱ्हाणार."

सर माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. ही लढाई आता माझी नव्हती, आणि हे कळून मला जेवढा आनंद झाला तेवढंच काही हातातून सुटल्यासारखंही वाटलं.

त्यांनी टेबलावरचं विज्ञानाचं पुस्तक ओढलं आणि एक पान वाचलं, जरा भरभर, मुद्दामच. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग सगळं सांगितलं, क्रमानं, आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत. शेवटी विचारलं, "पण सर, ह्यात म्हटलंय त्याचं कारण काय, ते दिलेलं न्हाय. ते पुढच्या पानावर हाय काय?"

सरांनी पान उलटलं. होतं.

त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "उद्या ये, बघू."

"उद्या न्हाय, सर. आज नाव घाला."

सरांनी मान हलवली, ड्रॉवर उघडला, प्रवेशाचा अर्ज काढून तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं. विद्यार्थ्याची सही जिथं करायची तिथं बोट ठेवलं. ती वाकली आणि आपलं नाव लिहायला लागली. एक अक्षर, मग थांबायचं, ओठ हलवायचे, मग दुसरं. मागच्या रांगेतला एक माणूस घड्याळ बघत म्हणाला, "आवरा हो, आमाला कामं हायत."

तिची आई गर्रकन वळली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझी पोरगी लिवते हाय."